डोळ्यात कोणती लेन्स बसणार हे कोण ठरवतं? डॉक्टर, पेशंट की सरकारी विम्याचं रेटकार्ड?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात एक चर्चा हमखास होते. लेन्स इंडियन टाकायची की इम्पोर्टेड? साधी टाकायची की चष्मा घालवणारी? डॉक्टर दोन-तीन पर्याय सांगतात, त्यांचे दर सांगतात आणि मग घरचे लोक हिशोब करायला बसतात.

आपल्याला वाटतं, हा आपल्या खिशाचा प्रश्न आहे. पण लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीनं प्रश्न वेगळा असतो. आपली लेन्स किती चांगली आहे, याच्याइतकंच त्यांना महत्त्वाचं वाटतं की तिचं बिल कोण भरणार आणि किती भरणार. हे बिल सरकारी विमा भरत असेल, तर सरकारच्या एका परिपत्रकानं कंपनीचा शेअर आपटू शकतो, एखादी नवी वस्तू बाजारात जम बसवू शकते किंवा चांगली चाललेली वस्तू मागे पडू शकते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेत. तिथं ज्येष्ठांच्या ऑपरेशनचे पैसे बहुतांशी सरकारी विमा देतो आणि त्याचे नियम दरवर्षी जाहीर होतात. त्यामुळे कोणत्या नियमानं कुणाचं काय झालं, हे तारखेनिशी बघता येतं.

आधी मेडिकेअर म्हणजे काय ते बघू

मेडिकेअर ही अमेरिकेची केंद्र सरकारी आरोग्य विमा योजना. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरच्या नागरिकांना आणि काही दिव्यांगांना हा विमा मिळतो. सहा कोटींपेक्षा जास्त लोक त्यात आहेत. कारभार बघणाऱ्या सरकारी संस्थेचं लांबलचक नाव आहे सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस, थोडक्यात सीएमएस.

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे प्रामुख्यानं उतारवयातले आजार. म्हणजे डोळ्यात बसवायची वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा खरा गिऱ्हाईक अमेरिकेत मेडिकेअरच असतो. पेशंट ती वापरतो, डॉक्टर ती निवडतो, पण मंजूर रकमेतले साधारण ८० टक्के मेडिकेअर भरतं. उरलेले २० टक्के पेशंट किंवा त्याचा दुसरा विमा भरतो.

आता गंमत अशी की मेडिकेअर कंपनीला थेट एक डॉलरही देत नाही. पैसे जातात डॉक्टरला आणि हॉस्पिटलला. कंपनीची वस्तू हॉस्पिटल विकत घेतं आणि मिळालेल्या रकमेतून तो खर्च भागवतं. म्हणून कंपनीचं सगळं गणित एका गोष्टीवर येऊन थांबतं. आपली वस्तू वापरली तर हॉस्पिटलला आणि डॉक्टरला परवडेल का?

१५० डॉलरची लेन्स

मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम लेन्स बसवतात. अशी पहिली लेन्स १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरनं बसवली. पुढच्या काही दशकांत हे ऑपरेशन जगभर पसरलं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत एक तक्रार सुरू झाली. लेन्स हॉस्पिटलला स्वस्तात पडते, पण मेडिकेअरला लागणारं बिल मात्र मोठं असतं. हा विषय अमेरिकी संसदेपर्यंत गेला. शेवटी सरकारनं सरसकट रक्कम ठरवली. ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या सर्जरी सेंटरला एका लेन्सचे आधी २०० डॉलर आणि १९९४ पासून १५० डॉलर. लेन्स कोणत्याही कंपनीची असो, रक्कम तीच.

सरकारचा खर्च आटोक्यात आला. पण कंपनीच्या बाजूनं विचार करा. तुम्ही पाच वर्षं संशोधन करून जास्त चांगली लेन्स बनवली. तिचा खर्च ३०० डॉलर आला. सर्जरी सेंटरला मिळणार १५०. मग ते तुमची लेन्स का घेईल?

ही अडचण सरकारच्याही लक्षात आली. म्हणून १९९९ मध्ये नवी सोय झाली. खरोखर नवं तंत्रज्ञान असलेल्या लेन्सच्या प्रकाराला पाच वर्षं ५० डॉलर जादा. ही सवलत फार थोड्या लेन्सना मिळाली. पाच वर्षं संपली की जादा पैसे बंद. आणि २००८ पासून तर लेन्सची वेगळी रक्कमच गेली. ती ऑपरेशनच्या एकूण पॅकेजमध्ये मिसळली.

२००५ चा एक आदेश आणि दोन रांगा

मोठा बदल झाला ३ मे २००५ ला. सीएमएसनं एक आदेश काढला.

तोपर्यंत नियम कडक होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन मेडिकेअरमध्ये मोडतं, लेन्स त्याचाच भाग आहे, त्यामुळे भारी लेन्ससाठी पेशंटकडून वरचे पैसे घेता येत नव्हते. नव्या आदेशानं ऑपरेशनचे दोन भाग केले. गढूळ भिंग काढून साधी लेन्स बसवणं हा उपचार, त्याचे पैसे मेडिकेअर देणार. लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसून चष्म्याची गरज कमी होणं ही जादा सोय, तिच्या फरकाचे पैसे पेशंटनं द्यायचे. जानेवारी २००७ मध्ये तिरका नंबर घालवणाऱ्या टोरिक लेन्सलाही हाच नियम लागू झाला.

कागदावर ही साधी तांत्रिक दुरुस्ती होती. कंपन्यांसाठी मात्र नवं दार उघडलं. अल्कॉन कंपनीच्या रिस्टोर या मल्टिफोकल लेन्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची मंजुरी मार्च २००५ मध्येच मिळाली होती. दोन महिन्यांत तिच्यासाठी कायदेशीर बाजार तयार झाला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांमध्ये ‘प्रीमियम लेन्स’ हा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. कारण उघड होतं. साध्या लेन्सची किंमत पॅकेजमध्ये दाबली जाते, प्रीमियम लेन्सचा दर सरकार ठरवत नाही.

म्हणजे सरकारनं नव्या लेन्ससाठी स्वतः काहीच जादा दिलं नाही, फक्त पेशंटला जादा द्यायची परवानगी दिली. तेवढ्यानं संशोधनाचा पैसा कुठे वळणार, हे बऱ्याच अंशी ठरून गेलं.

याची दुसरी बाजूही आहे. एकाच दवाखान्यात, एकाच विम्यावर आलेल्या दोन आजोबांपैकी एकाला साधी लेन्स मिळते आणि दुसऱ्याला चष्मा घालवणारी. दोघांमधला फरक आजारात नसतो, बँक खात्यात असतो.

एक मिलिमीटरचा स्टेंट आणि कोडचा खेळ

आता दुसरं उदाहरण. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी नीट बाहेर जात नाही, आतला दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू मरते. गेलेली नजर परत येत नाही. ग्लॉकॉस या अमेरिकी कंपनीनं यावर आयस्टेंट नावाची टायटॅनियमची सुमारे एक मिलिमीटर लांबीची नळी बनवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येच ती बसवली की पाण्याला वाट मिळते. जून २०१२ मध्ये एफडीएनं तिला मंजुरी दिली. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

अमेरिकेत प्रत्येक ऑपरेशनला बिलाचा कोड असतो. नवीन तंत्राला आधी तात्पुरता कोड मिळतो. त्या काळात डॉक्टरला किती पैसे द्यायचे, हे मेडिकेअरचे विभागवार ठेकेदार ठरवतात. आयस्टेंट बरीच वर्षं अशाच कोडवर चालली. डॉक्टर मोतीबिंदूचं बिल वेगळं लावायचे आणि स्टेंटचं वेगळं.

पण वापर वाढला की तात्पुरता कोड जाऊन कायमचा कोड येतो. इथं मोतीबिंदू आणि स्टेंट मिळून एकच नवा कोड आला, १ जानेवारी २०२२ पासून. डॉक्टरच्या कामाला किती गुण द्यायचे, हेही ठरवावं लागलं. मेडिकेअर प्रत्येक ऑपरेशनला असे गुण देतं आणि गुणांवरून पैसे निघतात.

जुलै २०२१ मध्ये सीएमएसनं प्रस्ताव मांडला. त्यात स्टेंटसह ऑपरेशनचे गुण साध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या जवळपास ठेवले होते. म्हणजे स्टेंट बसवण्याच्या जादा मेहनतीला जवळजवळ काहीच मोल नाही. ग्लॉकॉसचा शेअर जोरात आपटला. डॉक्टरांच्या संघटनांनी हरकती घेतल्या. नोव्हेंबरमध्ये अंतिम नियम आला. त्यात साध्या मोतीबिंदूला ७.३५ गुण आणि स्टेंटसह ऑपरेशनला ९.२३. प्रस्तावापेक्षा बरं, पण आधीच्या वेगळ्या बिलाच्या मानानं कपात मोठीच होती.

परिणाम आकड्यात दिसला. कंपनीचं एकूण उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे २९.४ कोटी डॉलर होतं. २०२२ मध्ये ते २८.३ कोटींवर आलं. वाढत चाललेली कंपनी मागे सरकली. यात स्टेंट बदलला नव्हता. त्याचा फायदाही तेवढाच होता. बदलला होता बिलाचा एक कोड.

इम्प्लांट, पण औषधाच्या खिडकीतून

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ग्लॉकॉसच्या आयडोस टीआर या नव्या उत्पादनाला मंजुरी मिळाली. हीसुद्धा डोळ्यात बसवायची टायटॅनियमची बारीक वस्तू. फरक इतकाच की तिच्यात ट्रॅव्होप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध भरलेलं असतं आणि ते हळूहळू झिरपत राहतं. रोज थेंब टाकायला विसरणाऱ्या पेशंटसाठी ही कामाची गोष्ट.

ही मंजुरी उपकरण म्हणून नव्हे, औषध म्हणून मिळाली. आणि मेडिकेअरमध्ये औषधाची खिडकीच वेगळी आहे. डॉक्टरनं स्वतः दिलेल्या औषधाचे पैसे सहसा बाजारातल्या सरासरी विक्री किमतीवर सहा टक्के जोडून मिळतात. किंमत ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये दाबली जात नाही. आयडोसची जाहीर किंमत होती १३,९५० डॉलर, एका डोळ्यासाठी. जुलै २०२४ पासून तिला मेडिकेअरच्या बिलासाठी औषधाचा स्वतंत्र कोड मिळाला.

कंपनीनं हे केवळ विम्यासाठी केलं, असं म्हणता येणार नाही. आयडोसवरचं काम २०२२ च्या कपातीच्या बरंच आधीपासून सुरू होतं. पण एकाच कंपनीच्या दोन बारीक टायटॅनियमच्या वस्तू, एक पॅकेजमध्ये अडकलेली आणि दुसरी पॅकेजच्या बाहेर. गुंतवणूकदार कोणत्या वस्तूकडे डोळे लावून बसणार, हे वेगळं सांगायला नको.

आर्गस टू: रक्कम दरवर्षी हलली तर काय होतं?

तिसरं उदाहरण सगळ्यात बोचरं आहे.

सेकंड साइट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं आर्गस टू नावाचा ‘बायोनिक डोळा’ बनवला. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारानं नजर गेलेल्यांसाठी. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र टिपणार आणि डोळ्याच्या पडद्यावर बसवलेले ६० इलेक्ट्रोड तसे संकेत देणार. पूर्ण नजर येत नव्हती, पण दाराची चौकट, रस्त्याची कड, समोरच्या माणसाची हालचाल उजेडाच्या ठिपक्यांमधून कळायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये एफडीएनं मोजक्या पेशंटच्या दुर्मिळ आजारासाठी असलेली खास मंजुरी दिली. किंमत साधारण दीड लाख डॉलर.

सुरुवातीला मेडिकेअरनं नव्या उपकरणांसाठीची तात्पुरती सवलत दिली, म्हणजे उपकरणाचे पैसे वेगळे. ती २०१५ अखेर संपली. मग २०१६ साठी ऑपरेशन आणि उपकरण मिळून रक्कम ठरली ९५,००० डॉलर. दीड लाखाच्या वस्तूसाठी ९५ हजार! हॉस्पिटलनं वरचे पैसे पदरचे घालायचे. २०१७ मध्ये रक्कम गेली सुमारे १,५०,००० वर. २०१८ मध्ये उतरली १,२२,५०० वर. २०१९ मध्ये चढली १,५२,५०० वर.

हे असं का व्हायचं? मेडिकेअर पुढच्या वर्षाची रक्कम हॉस्पिटलांच्या आधीच्या बिलांवरून काढतं. लाखो ऑपरेशन असतील तर सरासरी स्थिर राहते. पण वर्षाला मोजकीच बिलं येत असतील, तर एखाद्या हॉस्पिटलनं बिल वेगळ्या पद्धतीनं लावलं तरी सरासरी हलते. दुर्मिळ आजाराच्या उपकरणाला ही पद्धत मानवत नाही. हॉस्पिटललाही पुढच्या वर्षी काय मिळेल हे माहीत नसेल, तर ते नवीन पेशंट घ्यायला कचरतं.

कंपनी फक्त यामुळे अडचणीत आली नाही. पेशंट मुळात कमी होते, फायदा मर्यादित होता, खर्च अफाट होता. २०१९ मध्ये कंपनीनं आर्गस टूचं उत्पादन थांबवून मेंदूत बसवायच्या नव्या उपकरणाकडे वळायचं ठरवलं. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढलं. तोपर्यंत जगभरात साधारण साडेतीनशे लोकांच्या डोळ्यांत हे उपकरण बसलेलं होतं. आयईईई स्पेक्ट्रम या नियतकालिकानं २०२२ मध्ये त्यांची स्थिती जगासमोर आणली. चष्मा बिघडला तर दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत आणि विचारायला कुणी नाही.

इम्प्लांट आणि बाकीच्या वस्तूंमधला फरक इथं कळतो. मोबाइल कंपनी बंद पडली तर दुसरा मोबाइल घेता येतो. डोळ्यात बसवलेली वस्तू अशी बदलता येत नाही. विमा बसवण्याच्या दिवसाचे पैसे देतो, पण कंपनी दहा वर्षं टिकेल याची जबाबदारी कुणाच्याच बिलात नसते.

मग सरकारनं सढळ हातानं पैसे द्यावेत का?

इतकं सोपंही नाही. कारण हात राखून देण्यामागे कारणं आहेत.

सायपास हा काचबिंदूचाच आणखी एक स्टेंट. २०१६ मध्ये एफडीएनं मंजूर केला. दोन वर्षांचे निकाल चांगले होते. पण पाच वर्षांच्या पाहणीत दिसलं की काही पेशंटच्या बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी जास्त वेगानं कमी होत आहेत. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये अल्कॉननं सायपास जगभरातून मागे घेतला.

नव्या वस्तूला लगेच भरघोस पैसे दिले तर ती वेगानं पसरते आणि चूक निघाली तर तीही तितक्याच डोळ्यांत पसरलेली असते. शिवाय मेडिकेअरचा पैसा हा नोकरदारांच्या करातून आणि ज्येष्ठांच्या हप्त्यांतून येतो. कंपनी मागेल ती किंमत द्यायची, तर १९८० च्या दशकातलीच तक्रार परत सुरू होणार.

भारतात हे चित्र कसं आहे?

भारतात गोष्ट उलट्या टोकाकडून सुरू झाली. इथं विमा नव्हता आणि परदेशी लेन्स गरीब पेशंटच्या आवाक्याबाहेर होती. मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलनं १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली आणि स्वतःच लेन्स बनवायला घेतल्या. आयात लेन्सच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात त्या मिळू लागल्या. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. जाड भिंगाच्या चष्म्याऐवजी डोळ्यात लेन्स बसवण्याची पद्धत सरकारी शिबिरांपर्यंत पोहोचली ती याच काळात. कमी दर आणि प्रचंड संख्या, या गणितावर देशी लेन्सचा उद्योग उभा राहिला.

आता इथंही सरकारी विमा मोठा गिऱ्हाईक होतोय. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ती लागू झाली. म्हणजे नेमका मोतीबिंदूचा वयोगट. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या जोडीनं चालते.

या योजनेतही पॅकेज पद्धतच आहे. मोतीबिंदूच्या पॅकेजच्या नावातच लेन्सचा प्रकार येतो. उदाहरणार्थ, फेको पद्धतीनं ऑपरेशन आणि घडी होणारी हायड्रोफोबिक ॲक्रिलिक लेन्स. ही एक ओळ कंपन्यांसाठी फार मोठी आहे. त्या प्रकारची लेन्स बनवणाऱ्याला देशभर दार उघडं, दुसऱ्या प्रकारची बनवणाऱ्याला बंद. आणि योजना कॅशलेस असल्यामुळे लाभार्थ्याकडून वरचे पैसे घ्यायला मनाई आहे. अमेरिकेनं २००५ मध्ये उघडलेलं दार इथं बंद आहे. त्यामुळे गरीब पेशंटची लूट थांबते. पण पॅकेजची रक्कम वेळेवर वाढली नाही, तर हॉस्पिटल त्या प्रकारातली सगळ्यात स्वस्त लेन्स शोधणार आणि कंपन्याही तशीच बनवणार, हा धोका राहतो.

थोडक्यात काय?

• वस्तूची रक्कम पॅकेजमध्ये मिसळली की कंपनी ती स्वस्त करण्याच्या मागे लागते, चांगली करण्याच्या मागे कमी.

• पेशंटला वरचे पैसे द्यायची मुभा मिळाली की संशोधन पैसेवाल्यांच्या गरजेकडे झुकतं.

• उपकरणाला कमी आणि औषधाला जास्त मिळत असेल, तर औषध भरलेलं उपकरण जास्त फायद्याचं ठरतं.

• पेशंट मोजके असतील, तर रकमेतला वर्षा-वर्षाचा चढउतार हॉस्पिटललाही झेपत नाही आणि कंपनीलाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘आयुष्मानच्या पॅकेजचे दर बदलले’ अशी बातमी दिसली, तर ती फक्त हॉस्पिटलांची बातमी समजून पुढे सरकवू नका. तुमच्या आजीच्या डोळ्यात पुढच्या वर्षी कोणती लेन्स बसणार, हे त्या तक्त्यातल्या एका ओळीवर ठरलेलं असू शकतं. ऑपरेशनच्या आधी दोन प्रश्न जरूर विचारा. योजनेत नेमकी कोणत्या प्रकारची लेन्स येते? आणि लेन्सच्या डब्यावरचं नाव, पॉवर आणि सीरियल नंबर असलेलं स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून मिळेल का? डोळ्यात काय बसलंय, याची नोंद तरी घरात असायला हवी.